डेकण्णा

डेकण्णाला भेटलात तर वाटेल ते विचारा, फक्त 'डेक झाला का?' एवढं विचारू नका. 'झालाच म्हणा की,' म्हणत तो गाडी स्टँडला लावतो, डिकीतून स्टीलचा डबा काढतो, डब्यातून पत्त्यांचा गठ्ठा काढतो आणि डेक का झालेला नाही ते सांगायला लागतो. तुम्ही लक्ष्मी मार्केटात मेथी घ्यायला निघालेले असाल तर मेथीचा नाद सोडा. एप्रिलचं ऊन डोक्यावर असलं तरी डेकण्णाला त्याचं काही नसतं. पत्त्यांना असतं. म्हणून तो तुम्हाला उन्हाच्या बाजूला उभं करतो. तुमची सावली पत्त्यांवर पडते, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही हलायचं नसतं.

त्याचं रेशनकार्डावरचं नाव वेगळं आहे, पण ते आता रेशन दुकानदारालाच माहीत. सोलापुरात माणसाचा अण्णा व्हायला फार काही लागत नाही. याच्या हातात कायम डेक, म्हणून डेकण्णा. वय पस्तिशीच्या आतबाहेर. दिवसा एका टॉवेलच्या कारखान्यात बिलं करतो. घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, किराणा दुकानात कानडी, आणि पत्त्यांवर बोलायला लागला की चौथीच एक बोली. हातात सात पत्ते आहेत पण त्यातला एकही खेळता येत नाही, अशी अवस्था झाली की या बोलीत 'ब्रिक झालो' म्हणतात. 'काल रात्री लई ब्रिक झाल्या बे,' असं तो एकदा चहाच्या गाड्यावर म्हणाला, तेव्हा शेजारी बसलेल्या गवंड्याने आपुलकीने विचारलं, 'कुठल्या भट्टीवरनं आणल्या?'

हा खेळ रमी नव्हे, आणि तीन पत्ती तर नव्हेच. पोकेमॉनचा. जपानात 1996 साली निघाला. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' काढून पत्त्यांच्या जगात एक नवीच भानगड घुसवली होती. ती अशी, की जोड दुकानदाराने द्यायचा नाही, ज्याचा त्याने जमवायचा. रमीचे बावन्न पत्ते राजाला आणि रंकाला सारखेच. इथे हजारो पत्त्यांतून आपले साठ आपण निवडायचे, समोरच्याने त्याचे साठ निवडलेले असतात, आणि मग साठांची साठांशी गाठ पडते. आमच्याकडेही पत्त्यांची परंपरा काही लहान नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा. पण तिथे कुणाला मत्स्य दोन कमी करून नृसिंह दोन वाढवायची मुभा नाही. इथे ती आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. खेळायला बसायच्या आधीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो. डेकण्णाचा मुक्काम या निम्म्यात. उरलेल्या निम्म्यात त्याला फारसा रस नाही, असं आपलं माझं मत. त्याला सांगू नका.

नियम तसे सुटसुटीत आहेत. पत्ते साठ म्हणजे साठच, एकोणसाठ नाही आणि एकसष्ट नाही. एका नावाचे जास्तीत जास्त चार. फक्त बेसिक एनर्जी हवी तेवढी घ्या. सुरुवातीला सात पत्ते हातात येतात, सहा बाजूला पालथे ठेवायचे, ती प्राइज. समोरच्याचा एक पोकेमॉन पाडला की आपलं प्राइज उचलायचं, आणि ज्याची सहाही आधी उचलून होतील तो जिंकला. हातातल्या सातांत एकही बेसिक, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणारा, पोकेमॉन नसेल तर हात उघडा करून दाखवायचा आणि परत पिसायचे. याला मुलिगन म्हणतात, आणि त्याची भरपाई म्हणून समोरच्याला एक पत्ता जादा उचलता येतो. हे कळायला दहा मिनिटं लागतात. डेकण्णाला पुढची सगळी वर्षं लागली, ती साठावा पत्ता कुठला घ्यायचा या एका प्रश्नापायी. एकोणसाठ त्याचे कधीच ठरलेले असतात.

त्याचा जीव चारिझार्डवर. हा आग ओकणारा गडी थेट मैदानात उतरत नाही. आधी चार्मँडर, मग चार्मेलियन, मग चारिझार्ड, किंवा हातात रेअर कँडी असेल तर मधली पायरी गाळून एकदम वर. मग चार्मँडर तीन ठेवायचे की चार? चार ठेवले तर पहिल्या सात पत्त्यांत एक तरी यायची शक्यता चाळीस टक्के. तीन ठेवले तर साडेएकतीस. म्हणजे साडेआठ टक्क्यांसाठी एक अख्खी जागा जाते. 'साडेआठ टक्के म्हणजे कमी नाही ओ,' डेकण्णा म्हणतो, 'बँक मुदत ठेवीला देते का सांगा!' यावर तुम्ही 'मग चार ठेव' म्हणालात की संपलंच. चौथा चार्मँडर आला की एक स्विच जातो. स्विच गेला की जखमी गडी पुढे अडकून पडतो. अडकला की हरलाच. 'आणि एकच ठेवलेला पत्ता दहातनं एकदा प्राइजमध्ये जाऊन बसतो, हे गणित झालं,' तो आवाज खाली आणून सांगतो, 'माझ्याकडं दहातनं नऊ वेळा बसतो.'

हे हिशेब तो कारखान्यातच करतो, हाताशी येईल त्या कागदावर. एकदा कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला टॉवेलच्या बिलाखाली 'अल्ट्रा बॉल, 4 नग' अशी ओळ गेली. व्यापाऱ्याचा फोन आला. डेकण्णाला वाटलं, आता नोकरी गेली. व्यापारी म्हणाला, 'हे नवीन डिझाइन चांगलं वाटतंय. नमुना पाठवा, आणि चार नगांनी काय होतंय? चार डझन लावा.'

रात्री जेवणं आटोपली की पलंगावर मोराची सोलापुरी चादर अंथरून चाचणी सुरू होते. समोर खेळायला कुणी नसतं. सोलापुरात हा खेळ नियमाने खेळणारी माणसं शोधत बसण्यापेक्षा डेकण्णाने सोपा मार्ग काढला आहे: उजवा हात तो स्वतः, डावा हात 'पुण्याचा पोरगा'. पुण्याच्या पोराचा डेक खरा नाही, लग्नपत्रिका कापून केलेला आहे. एका बाजूला बॉलपेनने 'गार्डेव्होर' लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला 'आहेर आणू नये' किंवा 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'चा तुकडा. असे प्रॉक्सी स्पर्धेत चालत नाहीत, पण चाचणीला चालतात. डेकण्णा दोन्ही डेक पिसतो, डाव्या हाताने उजव्याचा डेक कापतो, कारण नियम म्हणजे नियम. मग उजव्या हाताचा डाव आला की डाव्या हातात काय आहे ते आपल्याला माहीत नाही असा चेहरा करतो. हा चेहरा एकदा बघण्यासारखा आहे. भुवया वर, ओठ बाहेर, नजर छताच्या पंख्याकडे. आणि एवढं करून बहुतेक रात्री पुण्याचा पोरगाच जिंकतो. 'डावा लई नशीबवान आहे,' म्हणत डेकण्णा उजव्या हाताच्या डेकमधला एक पत्ता बदलतो.

कधी कधी डाव ऐन रंगात असताना अम्मा ओरडते, 'नळ आला रे!' आमच्या गावात पाणी काही दिवसांआड येतं आणि यायची वेळ ते स्वतःच ठरवतं, त्यामुळे या हाकेपुढे जपानचा खेळ काय आणि ऑलिंपिक काय. दोन्ही हात टाकीला पाइप लावायला लागतात. परत येऊन बघतो तर कुणाचा डाव होता हे उजव्यालाही आठवत नाही आणि डाव्यालाही. मग पहिल्यापासून.

पत्ता खरा की खोटा हे ओळखण्यात मात्र त्याचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नाही, हे मान्य केलं पाहिजे. गड्ड्याच्या यात्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानांत सोनेरी पोकेमॉन पत्त्यांची पाकिटं टांगलेली असतात, ती पोरांच्या जिवाची. गल्लीतलं एखादं पोर धावत येतं. 'अण्णा, बघ, सोन्याचा पिकाचू!' डेकण्णा पत्ता दोन बोटांत कडेने धरतो. आधी पाठ बघतो: निळा फिक्का आहे का. मग अंगठ्याने कड दाबतो. मग मोबाइलचा टॉर्च लावून पत्ता त्यावर आडवा धरतो. खऱ्या पत्त्याच्या पोटात एक गडद थर असतो, उजेड आरपार फारसा जात नाही. खोटा लख्ख उजळतो. पिकाचू उजळतो. पोर श्वास धरून उभं. डेकण्णा टॉर्च बंद करतो, पत्ता शर्टाला पुसून परत देतो आणि म्हणतो, 'खेळायला चालणार नाही. पण चमकतंय भारी.' मोठ्या माणसांशी तो इतका मऊ नसतो. एका सद्गृहस्थांनी मुलाच्या वाढदिवसाला महागाची पेटी आणली होती. डेकण्णाने आठ पत्ते उजळून दाखवले, नववा दाखवायच्या आत गृहस्थांनी पेटी मिटली. तेव्हापासून ते रस्ता बदलून जातात.

त्याच्या अप्पांची सगळी हयातही पत्त्यांतच गेली, पण त्या जेकार्डच्या. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने 1804 साली एक युक्ती काढली, तिच्यावर आमच्या चादरीवरचा मोर अजून नाचतो. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे मागावरचा उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एका कार्डाला एक आडवा धागा. सगळी कार्डं क्रमाने दोऱ्यात ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. अप्पा चौकटीच्या कागदावरचं डिझाइन बघून ही भोकं पाडायचे. शेकडो कार्डांत एक जरी मागेपुढे लागलं तरी मोराची मान मोडते, आणि मोडलेली मान प्रत्येक चादरीवर निघत राहते. पोराने घरात पत्ते आणले तेव्हा अप्पांना आधी धक्का बसला आणि मग, तो पत्ते एकेक उचलून, मोजून, क्रमाने लावतो हे बघून बरं वाटलं. रक्तात आहे, असं वाटलं असणार. काही दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग एका रात्री विचारलं, 'सगळे लावून झाल्यावर पुढं काय करतोस?'

'पिसतो.'

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पिसायचेच होते तर लावलेस कशाला?'

डेकण्णाने त्यांना शक्यतेचं गणित सांगितलं. इथे क्रमाला किंमत नाही, किती नग आहेत त्याला आहे. पिसल्यावर कुठलाही कुठेही जाईल, पण किती वेळा हाताला लागेल ते आपण ठरवतो. कागद घेऊन चार्मँडरचे चाळीस टक्केही काढून दाखवले. अप्पांना पटलं नाही. गणित मला पटतं, पण अप्पांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं असं मला अजूनही वाटत नाही.

आता लग्नाचं. महाराष्ट्रात 'तयारी करतोय' हे दोन शब्द म्हणजे मोठं अभय आहे. कुणी तीस वर्षांचा झाला, अभ्यासिकेत जातो, येतो, चहा पितो, 'काय करतो?' विचारलं तर 'तयारी करतोय.' पुढे कुणी विचारत नाही, उलट माणसं आवाज कमी करतात. डेकण्णाच्या अम्माने हे हेरलेलं होतं. अक्कलकोट रोडवरून मुलीकडचे आले. चुरमुऱ्यांचा सुशीला झाला, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, 'मुलगा काय करतो?'

'टॉवेलच्या कारखान्यात बिलं बघतो,' अम्मा म्हणाली, 'आणि रात्री तयारी करतो.' यात खोटं काहीच नव्हतं.

वडिलांचा चेहरा खुलला. 'एमपीएससी काय?'

'बाहेरच्या देशातली आहे,' अम्मा चहाच्या कपाकडे बघत म्हणाली.

'वा! अवघड असेल.'

'साठ असतात,' आता अप्पांना राहवलं नाही. 'त्यातले सुरुवातीला सातच येतात.'

'साठांत सात? लईच कडक लावलंय की ओ. बाकीचे?'

'सहा बाजूला काढून ठेवतात, त्यात काय आहे ते बघू देत नाहीत. उरलेले मग एकेक.'

'गोपनीय असणार,' वडील मान हलवत म्हणाले.

'कधी कधी सातांत एक पण कामाचा नसतो. मग परत पिसायचे.'

'पिसायचे' म्हटल्याबरोबर मुलीचा मामा सावरून बसला. प्रत्येक स्थळाबरोबर एक मामा येतो आणि त्याला एवढ्यासाठीच आणलेलं असतं. 'पोरगा पत्ते खेळतो काय हो?' त्याने सरळच विचारलं.

'खेळतो कुठला!' अप्पा कळवळून म्हणाले. 'खेळला असता तर काय पाहिजे होतं? नुसते लावतो!'

स्थळ गेलं. पण संध्याकाळी मुलीचा आठवीतला भाऊ सायकल मारत परत आला आणि दारातूनच म्हणाला, 'तुमच्याकडं खरंच चारिझार्ड आहे?' त्याच्याकडे दोन रेअर कँडी जास्तीच्या होत्या. टॉर्चवर दोन्ही खऱ्या निघाल्या. डेकण्णा आजही त्या स्थळाचं नाव आदराने घेतो.

2025 चा एप्रिल आला. पत्त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलंसं अक्षर असतं. कंपनी दर काही काळाने जुनं अक्षर बाद करते. त्या अक्षराचे पत्ते मग मुख्य प्रकारच्या स्पर्धेत चालत नाहीत. त्या एप्रिलात 'एफ' बाद झालं. डेकण्णाचा रोटॉम व्ही गेला, ल्युमिनियन व्ही गेला, फॉरेस्ट सील स्टोन गेला, आणि ज्याच्यासाठी त्याने दिवाळीचा बोनस मोडला होता तो रेडिएंट चारिझार्डही गेला. मी समाचाराला गेल्यासारखा गेलो. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी पोराला विचारलं, 'कोण बाद करतंय हे?'

'कंपनी.'

'नोटीस दिली होती?'

'दिली होती.'

'मग युनियन काय करायलीय?' अप्पांनी विचारलं. गिरण्या बंद पडताना बघितलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार.

डेकण्णा आत होता. वाटलं, कोलमडला असेल. बघतो तर पलंगभर पत्ते पसरलेले, कानावर पेन, आणि चेहऱ्यावर नुकतंच बारसं झालेल्या घराचा आनंद. 'अकरा जागा रिकाम्या झाल्या!' तो म्हणाला. 'अकरा! एका साठाव्यासाठी मी एवढी वर्षं घालवली, आता एकदम अकरा!' माणूस ओळखायला एवढं पुरे आहे. ज्याला खेळायचं असतं तो अशा वेळी कंपनीला शिव्या घालतो.

तरी एकदा तो खेळून आला, हे नोंदवलं पाहिजे. पुण्यात एका दुकानाच्या माडीवर छोटीशी स्पर्धा होती. साठ पत्त्यांची यादी आधी लिहून द्यावी लागते, आणि दिली की बदलता येत नाही. स्पर्धेच्या नियमांची डेकण्णाला इतकी धास्ती होती की जायच्या आदल्या संध्याकाळी तो पत्ते पलंगावर तसेच टाकून पत्त्यांवर चढवायच्या नवीन स्लीव्ह आणायला नवी पेठेत पळाला. स्लीव्ह सगळ्या एकसारख्या लागतात. एखादीचा कोपरा दुमडलेला दिसला तर खूण केली म्हणून दंड होतो. तो परत आला तेव्हा अप्पा पलंगाशी बसले होते. त्यांनी सगळे साठ पत्ते आधी रंगाने, मग आकड्याने नीट लावले होते, कडा जुळवल्या होत्या आणि ट्रंकेतून जुना पंच काढून वरच्या पत्त्यावर टेकवला होता. दुसऱ्या हातात हातोडी. शेजारी दोऱ्याचं रीळ.

'अप्पा! थांबा की!'

'काही नाही रे,' अप्पा मायेने म्हणाले. 'कडेला दोन-दोन भोकं पाडून ओवून देतो. एवढ्या लांब चाललायस. प्रवासात मागंपुढं व्हायला नकोत.'

पंचाखाली चारिझार्ड होता. पंच उचलल्यावर त्याच्या कपाळावर एक बारीक गोल वळ उमटलेला दिसला. डेकण्णाने तो पत्ता स्लीव्हमध्ये घालून दिव्याखाली धरला, तिरका धरला, उलटा धरला. वळ स्लीव्हबाहेर कळत नव्हता. मग तो पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

रात्रीची एसटी पकडली. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा त्याने चौथा चार्मँडर काढून दुसरा स्विच घातला. इंदापूरला परत चार्मँडर घातला. भिगवणला शेजारच्या प्रवाशाने, जो ऊस तोडणीच्या उचलीबद्दल बोलत होता, त्याला सल्ला दिला की दोन्ही ठेवा. ते बरोबर वाटलं. पुण्यात यादी लिहिताना बेरीज एकसष्ट आली. बिलं करणारा माणूस, बेरीज चुकणार नव्हतीच. चुकला होता तो प्रवासी.

फेऱ्या पाच झाल्या. दोन हरला. दोन बरोबरीत सुटल्या, कारण वेळ संपली. वेळ संपली, कारण डेकण्णा विचार करत होता. एका फेरीत तर समोरच्या मुलीने, वैतागून नव्हे, काळजीने विचारलं, 'काका, बरं वाटतंय ना?' त्याला बरंच वाटत होतं. तो मनात दुसरा स्विच असता तर काय झालं असतं ते खेळून बघत होता. पाचवी फेरी मात्र जिंकला. खेळाडूंची संख्या विषम होती, एकाला जोडीदार उरत नव्हता, आणि अशा वेळी यादीत तळाला असलेल्याला बसल्या जागी विजय देतात. 'बिनविरोध!' असं तो आल्या आल्या सांगत सुटला. सोलापूर जिल्ह्यात सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत बिनविरोध निवडून येण्याला केवढा मान आहे ते ठाऊक असलेल्या माणसांनी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. अप्पांनीही केलं. मोराची मान शाबूत राहिली, एवढंच त्यांना कळलं असेल.

पण त्याची खरी कमाई वेगळीच होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो लोकांचे डेक बघत हिंडत होता. ज्यांचा डाव लवकर आटोपत होता ते त्याच्याभोवती जमत होते. इंजिनिअरिंगच्या एका पोराला त्याने सांगितलं, 'सोळा एनर्जी कशाला ठेवल्यास? अकरा ठेव. उरलेल्या पाचातल्या काही जागांत नेस्ट बॉल घाल, बेसिक ओढून बेंचवर बसवतो. आणि बेसिक दहाच आहेत तुझे? दहा असले की चारातनं एकदा मुलिगन घ्यावा लागतो रे बाबा. बारा कर, पाचातनं एकदाच लागेल.' ते पोर वही काढून लिहून घेत होतं. आणखी दोघांनी फोन नंबर मागितला. चहा दुकानवाल्याने पाजला. आता रविवारी सकाळी डेकण्णाला पुण्याहून, कधी हैदराबादहूनही फोन येतात. तो ओट्यावर बसून कडक भाकरीचा तुकडा मोडत, शेंगाचटणीच्या बोटाने हवेत आकडे काढत, न बघितलेल्या माणसांचे न बघितलेले डेक दुरुस्त करतो. त्यांतले काही जण बक्षिसं आणतात. डेकण्णा त्यांचा निकाल 'आपला डेक आला' अशा शब्दांत सांगतो. पैसे घेत नाही. अम्माचं म्हणणं, घ्यावेत. या बाबतीत मी पूर्णपणे अम्माच्या बाजूचा आहे. ज्या राज्यात तयारी करून घेणाऱ्यांच्या पाट्यांनी चौक भरलेत तिथे साठ पत्त्यांची तयारी फुकट करून देणारा हा एकच माणूस असावा.

त्याचा स्वतःचा डेक सध्या एकोणसाठावर आहे. तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, पोरं मोठी झाल्यावर टाकून दिलेले पोकेमॉनचे पत्ते पडून असतील तर रद्दीत घालू नका. अक्षर कुठलंही असू द्या, खरे-खोटे कसेही असू द्या, अशोक चौकात आणून द्या. डेकण्णाचं घर कुणीही दाखवेल. बघायचं काम तो करेल, टॉर्च त्याच्याकडे आहे. जाण्याआधी फक्त शेजाऱ्यांकडे चौकशी करा आणि पाण्याच्या दिवशी जाऊ नका, नाहीतर पाइप तुम्हाला धरावा लागेल.